०८६२ क्रमांकाची रेषा

एकशे एकतीस.

शलाका राऊतनं आकडा पाहिला आणि आपण कुठेतरी एखादा रकाना चुकलो असं धरून सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून चालवलं. दुसऱ्यांदाही एकशे एकतीस. तिसऱ्यांदा तिनं संगणकावर भरवसा ठेवला नाही. यादी छापून घेतली आणि पेन्सिलीनं एकेका ओळीवर खूण करत मोजली. चौदाशे बारा विद्यार्थी, त्यांतले एकशे एकतीस. शंभरात नऊ.

ती कागद घेऊन डॉ. नलिनी देवतळे यांच्या खोलीत जवळजवळ धावतच गेली. देवतळे मॅडम मनोविकारतज्ज्ञ. अमरावतीच्या त्या महाविद्यालयात दीड वर्षापासून चाललेला प्रकल्प त्यांचा. शलाका संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि प्रकल्पाची सगळी आकडेमोड तिच्याकडे.

"मॅडम, शंभरात तीन-चार निघतील म्हणाला होतात तुम्ही."

"मग?"

"नऊ निघाले."

"चुकली असशील."

"तीनदा केलं. एकदा तर हातानं."

मॅडमनी कागद घेतला. वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे मी वर्गात उभी राहते आणि समोर साठ मुलं बसलेली असतात, तेव्हा त्यांतले..."

"पाच ते सहा."

त्या उठून खिडकीशी गेल्या. मैदानावर मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. मग म्हणाल्या, "पट्टी आजार सांगत नाही, शलाका. लय बिघडली, एवढंच सांगते. आजार आहे की नाही, ते मी समोर बसवून तासभर बोलल्यावर ठरेल. यातले बरेच गळतील. पण निम्मे जरी राहिले..."



मेंदूच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढं एक घड्याळ असतं. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, पहाटे अंग किती गार पडावं, हे सगळं ते ठरवतं. बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय विकार झालेल्या माणसाचं मन काही आठवडे उन्मादाच्या टोकाला जातं आणि काही आठवडे नैराश्याच्या. देवतळे मॅडमचं म्हणणं असं की मन हलण्याच्या आठ-दहा दिवस आधी हे घड्याळ सरकायला लागतं. झोप आखडते, पहाटेचा गारवा लवकर येतो, नाडी वाढते, बोलण्याचा वेग बदलतो. हे टिपणारी एक मनगटी पट्टी त्यांनी बनवून घेतली होती. ती शब्द ऐकत नसे, फक्त वेग मोजत असे.

आजवरच्या पाहण्या प्रश्नावलीवर होत. त्यात मोठी मेख होती. उन्मादातला माणूस स्वतःला आजारी समजतच नाही, आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं असं तो लिहून देतो. नैराश्यातला माणूस कागद हातातच घेत नाही. दोघेही मोजणीतून निसटतात. पट्टीपासून निसटायची सोय नव्हती.

मुलं तयार व्हावीत म्हणून गुप्तता कडक ठेवली होती. पट्ट्या बंद पाकिटांतून, पेटीत हात घालून उचलायच्या. कुणाच्या हाताला कोणता क्रमांक आला, हे पट्टी बांधणाऱ्यालाही कळत नसे. नावं आणि क्रमांक जोडणारी किल्ली नीतिसमितीकडे, दोन जणांच्या दोन सांकेतिक शब्दांखाली. सभागृहात पहिलं पाकीट शलाकानं उचललं होतं. "चावत नाही बघा," असं म्हणत तिनं हात वर करून दाखवला, तेव्हा कुठे मुली रांगेत आल्या.

शलाकाला पडद्यावर क्रमांक आणि रेषा तेवढ्या दिसत, शिवाय मुलगा की मुलगी, कोणतं वसतिगृह, पदवीचा की पदव्युत्तर, इतकंच. त्या एकशे एकतीस रेषांमध्ये एक रेषा अशी होती की तिच्यावरून शलाकाची नजर हटेना. क्रमांक ०८६२. पदव्युत्तर मुलगी, वसतिगृह दोन. बारा दिवसांपूर्वीपर्यंत साधी रेषा, आणि मग सरळ वर. झोप सात तासांवरून साडेतीन. नाडी चढलेली. बोलण्याचा वेग दीडपट.

"ही पोरगी पडणार मॅडम," शलाका म्हणाली. "किल्ली उघडा."

"लाल रेषा, म्हणजे धोक्याची मर्यादा, ओलांडली तरच उघडता येते. अजून थोडी खाली आहे. सोमवारी समिती बसतेय, पहिला विषय हाच घेते."

"सोमवारपर्यंत चार दिवस आहेत!"

"मला माहीत आहे. पण नियम आपणच केला ना?"

शलाकाला नियम पटत होता, पण तिला हर्षल गिऱ्हे आठवत होता. बी.एस्सी.ला तिच्या बाकाच्या मागे बसायचा. सहा दिवस झोपला नव्हता. आपण विजेशिवाय चालणारा पंप शोधलाय असं सगळ्यांना हसत हसत सांगत होता, आणि सगळेही हसत होते. सातव्या दिवशी दुपारी त्यानं मोटरसायकल भरधाव महामार्गावर घातली आणि समोरून येणाऱ्या ट्रकला आपण थांबवू शकतो असं समजून तो वळलाच नाही. त्याच्या घरी जाऊन आल्यावर शलाकानं ठरवलं होतं की असं पुन्हा आपल्या डोळ्यांदेखत होऊ द्यायचं नाही.

आणि नेमकी आता तिची बुद्धी कधी नव्हे इतकी तल्लख चालली होती. प्रबंधाची तीन प्रकरणं आठवड्यात लिहून झाली होती. पहाटे साडेतीनला ती टवटवीत उठे. मेसच्या मावशींना वाया जाणाऱ्या पोळ्यांचं गणित मांडून दिलं होतं. चार परदेशी विद्यापीठांना अर्ज गेले होते. मॅडमनी परवाच तिची पाठ थोपटली होती.

शुक्रवारी सकाळी तिनं ०८६२ ची जुनी नोंद उकरली. अकरा फेब्रुवारीला या पट्टीनं एकवीस हजार पावलं टाकली होती, सगळी चढ-उताराची. अकरा तारखेला चिखलदऱ्याची सहल होती! सहलीला पदव्युत्तरच्या सहा मुली गेल्या होत्या. त्यांतल्या चौघी वसतिगृह एकच्या. उरली गुंजन.

गुंजन मेटकर, तिची खोलीसोबतीण. पुसदची, सूक्ष्मजीवशास्त्राची. शलाकाला आता सगळं लख्ख दिसायला लागलं. गुंजन रोज उशिरा येत होती. स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम म्हणून सांगत होती. एकाच दिवशी तीन ड्रेस आणले होते. कालच उगाच रडली होती, आणि दहा मिनिटांत हसायला लागली होती.

ती खोलीवर गेली. गुंजन पलंगावर बसून पायांना घुंगरू बांधून बघत होती.

"गुंजन, नीट ऐक. घाबरू नकोस. तुला बायपोलर आहे. तुझी रेषा मी रोज बघतेय, पुढच्या चार-पाच दिवसांत तू पार वर जाशील, मग तुला काय करतेयस तेही कळणार नाही, आजच मॅडमकडे चल, मी बोलते, गोळ्या असतात, लिथियम असतं, आणि लाजायचं काही नाही, शंभरात नऊ जणांना..."

"हळू बोल गं. काय म्हणतेयस तेच कळेना मला." गुंजन आधी हसली. मग शलाकाच्या चेहऱ्याकडे पाहून तिचं हसू विरलं. "माझी रेषा? कुणाची पट्टी कोणती ते कुणालाच कळत नाही, असं तूच सांगितलंस ना सगळ्यांना?"

"मी शोधून काढलं."

"शोधून काढलंस?" गुंजन उठून उभी राहिली. घुंगरू वाजले. "मी नाचाला जाते, मला झोप येते, मी जेवते. काल माझं आणि ताईचं भांडण झालं म्हणून रडले. मला काहीही झालेलं नाही, शलाका."

"असंच वाटतं. या आजारात असंच वाटतं!"

गुंजन दार आपटून निघून गेली. शलाकानं पाच मिनिटं येरझाऱ्या घातल्या आणि पुसदला फोन लावला.

गुंजनचे वडील वसंतराव दुसऱ्या दिवशी सकाळी अकरालाच आले. कृषी सेवा केंद्र चालवणारा, कमी बोलणारा माणूस. ते ओरडले नाहीत. मुलीला काय झालंय, ती जेवते का, झोपते का, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. वसतिगृहाच्या फाटकाशी शलाकाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात त्यांनी एकच विचारलं, "कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"मला फक्त. आणि सोमवारी मॅडम..."

"मॅडमला काही सांगायचं नाही. तिच्या लग्नाचं बोलणं चाललंय. तू पोरीसारखी आहेस म्हणून सांगतो, हे इथंच गाडून टाक."

"पण काका, उपचार करायला हवेत! तिला घरी नका नेऊ, इथं..."

"शिक्षण झालं तेवढं पुष्कळ झालं."

गुंजनच्या दोन बॅगा गाडीत गेल्या. ती पांढरीफटक पडली होती, रडत मात्र नव्हती. परीक्षेला सात आठवडे होते. गाडीत बसण्यापूर्वी ती शलाकासमोर आली, मनगटावरची पट्टी ओढून काढली आणि शलाकाच्या हातात कोंबली.

"घे. तुझ्या अभ्यासाला लागेल."

शलाकानं ती पट्टी प्रयोगशाळेत नेऊन टेबलाच्या खणात ठेवली. तिला वाईट वाटलं, पण आपण एक जीव वाचवला हे समाधान त्याहून मोठं होतं.

रविवारी सकाळी दहा वाजता तिनं सवयीनं पडदा उघडला. ०८६२ ची रेषा बंद पडलेली दिसणार हे तिनं गृहीतच धरलं होतं.

रेषा चालू होती.

नाडी एकशे चार. मिनिटामिनिटाला नवा ठिपका. शलाकानं खण उघडला. गुंजनची पट्टी थंडगार पडून होती. तिनं यादी चाळली. काल सव्वाअकराला एकच रेषा थांबली होती. ०३१७. तिनं ती मागे मागे नेऊन पाहिली. झोप सात तास, नाडी बहात्तर, सहा आठवडे एका तालात. साऱ्या वसतिगृहात इतकी सरळ रेषा दुसरी नव्हती.

"मग ही कोण?" ती मोठ्यानं म्हणाली. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. पडद्यावर बोलण्याच्या वेगाचा छोटा खांब उडी मारून वर गेला आणि खाली आला.

शलाका गप्प बसली. खांब खाली राहिला.

"कोण आहेस?" खांब उडाला.

तिनं सावकाश आपल्या मनगटावरची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. पडद्याकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं. ०८६२ ची रेषा शून्यावर आली. तिनं पट्टी पुन्हा बांधली. मिनिटानं ठिपका उमटला. नाडी एकशे सव्वीस.

पुढची पंधरा मिनिटं तिला नंतर कधीच नीट आठवली नाहीत. ती देवतळे मॅडमच्या घरी पोचली तेव्हा पायात चपला नव्हत्या आणि ती वाटेतच ठरवून आली होती की सूत्रात चूक आहे.

"मॅडम, पट्टी बिघडलीय! माझी पट्टी. सगळं गणित पुन्हा करायला हवं, मी करते, दोन दिवसांत करते, मला रस्त्यात नवीन सूत्र सुचलंय, एकशे एकतीस हा आकडाच खोटा आहे, मी समितीला पत्र लिहिलंय..."

"बस आधी. पाणी पी." मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं. "रात्री किती झोपलीस?"

"तीन तास. पण मला लागतच नाही झोप! इतकं बरं मला कधीच..."

ती थांबली. हे वाक्य जुन्या प्रश्नावल्यांतल्या उत्तरांत तिनं शेकडो वेळा वाचलं होतं.

मॅडमनी सगळं काढून घेतलं. चिखलदरा, पावलं, गुंजन, पुसदचा फोन. फोनचं ऐकल्यावर त्या उठूनच उभ्या राहिल्या. "काय केलंस तू? तिच्या वडिलांना? पाकिटं, किल्ली, समिती, हे सगळं मी कशासाठी मांडलं होतं?" मग त्यांनी स्वतःला आवरलं. पुन्हा बसल्या. "सहलीला किती मुली होत्या?"

"सहा."

"त्यांतल्या चार वसतिगृह एकच्या. सहातून चार गेले, उरले किती?"

"एक."

मॅडमनी बोटांवर मोजायची खूण केली.

"एकच. गुंजन." शलाकानं बोटं उघडली. सहा. चार मिटली. उरलेल्या दोन बोटांकडे ती बघत राहिली. विद्यापीठात संख्याशास्त्रात पहिली आलेली मुलगी ती. "दोन," अखेर ती म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

दुपारी मॅडमनी फोन करून तिच्या आईला दर्यापूरहून बोलावून घेतलं. आई आली, लेकीला कुशीत घेऊन बसली. मॅडमनी आजार समजावून सांगितला. औषध चालू ठेवलं, झोप सांभाळली, तर असंख्य माणसं नोकरी करतात, संसार करतात, हेही सांगितलं. आई मान हलवत राहिली. मॅडम आत गेल्याबरोबर मात्र शलाकाच्या कानाशी वाकून म्हणाली, "कोणाले सांगू नको वं हे. कोणाले म्हंजे कोणालेच नाही."

शलाकाला फाटकाशी उभे असलेले वसंतराव आठवले. तोच हलका आवाज.

औषधानं उन्माद पंधरा दिवसांत उतरला, आणि मग खाली नुसता गाळ उरला. मार्चअखेरीस ती दर्यापूरच्या घरी कूलरसमोर दिवसचे दिवस पडून असे. आपण काय केलं ते आता तिला अक्षरन् अक्षर दिसत होतं. गुप्तता मोडली म्हणून समितीनं प्रकल्प महिनाभर थांबवला होता. ज्या एकशे तीस मुलांना "येऊन भेटा" असा निरोप जायचा होता तो लांबला होता. शलाकाला प्रकल्पातून काढलं होतं. ते तिला रास्त वाटलं. गुंजनला लिहिलेले चार निरोप न वाचताच पडून होते.

एकदा तिनं मॅडमना फोनवर विचारलं, "मॅडम, ते मी आजारी होते म्हणून झालं, की मी तशीच आहे?"

"घाई आजाराची होती," मॅडम म्हणाल्या. "पण तिला न विचारता तिच्या बापाला फोन करावा, हे पुष्कळ धडधाकट माणसांनाही सुचलं असतं. आजाराचं मी बघते. दुसरं तुझं तू बघ."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शलाका आईला म्हणाली, "मी पुसदला जाते. त्यांना खरं सांगते."

"खरं म्हंजे तुह्यं सांगशील? परक्या लोकायले?"

"माझंच तर सांगायचं आहे."

आई रुसून आत गेली. निघताना मात्र तिनं पोळी-भाजीचा डबा हातात दिला, आणि गोळी जेवणानंतर घेजो, असं दोनदा सांगितलं.

अमरावतीहून पुसदपर्यंत बॅटरीवरच्या एस.टी.नं पाच तास लागले. वसंतरावांनी दार उघडलं, तिला पाहून ते अडवून उभे राहिले. शलाकानं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. "काका, तो आजार गुंजनला नाही. मला आहे. ती रेषा माझी होती. तुमच्या मुलीची रेषा सगळ्यांत सरळ होती. मी चुकले. माफी मागायला आलेय, आणि तुम्ही म्हणाल त्याच्यासमोर हे सांगायला तयार आहे."

"तुला? आणि हे तू आपल्या तोंडानं सांगतेस?"

"हो."

आतून गुंजन आली. वाळली होती.

"लग्नाच्या त्या स्थळाकडचे येऊन गेले," गुंजन म्हणाली. "बाबांनी दोन महिने मला खालच्या खोलीत झोपवलं. बाहेरून कडी लावून. मी खरंच वेडी आहे का, असं मलाच वाटायला लागलं होतं. रोज झोपेचे तास मोजत होते मी."

शलाकाची नजर तिच्या रिकाम्या मनगटावर गेली.

"परीक्षा बुडाली. ऑक्टोबरला बसेन." ती वडिलांकडे वळली. "मी परत जाणार आहे, बाबा." मग शलाकाकडे. "पण खोली वेगळी घेईन."

"घे," शलाका म्हणाली.

"तू झोपतेस का आता?"

"सात तास. आई बघते."

गुंजननं मान हलवली आणि आत निघून गेली. त्यापेक्षा जास्त काही मिळेल अशी शलाकाची अपेक्षाही नव्हती.

वसंतराव तिला सोडायला स्थानकापर्यंत चालत आले. उन्हानं फलाटावर कुत्रीसुद्धा नव्हती. परतीची गाडी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "ती गोळी घेतली म्हणजे माणूस असं... तुझ्यासारखं उभं राहून बोलतं?"

"सगळ्यांचं सारखं नसतं. पण बोलतं, काका."

"ते तुमचं मोजणं. किती निघाले शेवटी?"

"मॅडमनी भेटून पाहिलं. एकशे एकतीसपैकी चौऱ्याहत्तर पक्के. चौदाशे जणांत."

"चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं होतं अख्ख्या जगात आमच्याच घरी आहे."

शलाकाला वाटलं ते गुंजनबद्दलच बोलतायत. "काका, गुंजनला नाही..."

"माझा भाऊ," वसंतराव म्हणाले. "धनंजय. नागपूरला इंजिनिअरिंगला होता. हुशार. एक दिवस हॉस्टेलच्या गच्चीवरून पुस्तकं फेकायला लागला, म्हणून आणला घरी. मागच्या अंगणातल्या खोलीत आहे. एकवीस वर्षं झाली. जेवण देतो. गुंजनलाही माहीत नाही, तिला वाटतं ती गोदामाची खोली. काका परदेशात असतो असं सांगितलंय."

शलाकानं हातातला डबा बाकावर ठेवला.

"तुझा फोन आला तेव्हा मला तोच दिसला," ते म्हणाले. "म्हणून नेली पोरीला. मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "त्या डॉक्टरबाईंचा नंबर देशील? पण तो आता चाळिशीचा झालाय. त्यांचं तर कॉलेजातल्या मुलांचंच आहे ना?"

वाहकानं घंटी दिली.

"कोणत्या वर्षाला होते तेव्हा?" शलाकानं विचारलं.

"दुसऱ्या."

"मग चालेल," ती म्हणाली. गाडी निघाली तरी ती चढली नाही. तिनं देवतळे मॅडमना फोन लावला, आणि वसंतरावांच्या मागोमाग घराकडे चालू लागली.